नव्या तांदळाचं निमित्त

कापणीचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. इतरांचं मन प्रसन्न होत असेल, होवो. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अंबाडीच्या अलीकडे-पलीकडे जिथे अजून गोदामं झालेली नाहीत तिथे शेतं पिवळी होतात, भाताचे भारे बांधावर येऊन पडतात आणि ओल्या पेंढ्याचा गोडसर, किंचित आंबूस वास एसटीच्या खिडकीतून आत येतो. मलाही तो वास आवडतो. मी याच भागात लग्न होऊन आले, माझ्या सासरच्या पहिल्या दिवाळीला तोच वास होता. पण गेली काही वर्षं तो नाकात शिरला की पाठोपाठ एक वाक्य कानात वाजतं आणि मी दातओठ खात बसते. वाक्य साधं आहे. 'एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू.'

यंदा ते वाक्य फोनवरून आलं. शाळेत मधली सुट्टी होती. मी शिकवते ती शाळा भिवंडीत यंत्रमागांच्या वस्तीला खेटून आहे, दिवसभर लूमचा खडखडाट चालू असतो, आणि तो आम्हाला इतका सवयीचा झालाय की लाइट जाऊन लूम थांबले तरच पोरं दचकून वर बघतात. त्या खडखडाटात मी एक कान बोटाने बंद करून दादांचं बोलणं ऐकत होते. दादा म्हणजे माझे थोरले दीर. वनिताबाय ही त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. काही वर्षांपूर्वी तिला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, मोठं ऑपरेशन झालं आणि ती त्यातून उठली. तेव्हापासून ठरलेल्या तारखांना तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला न्यायचं असतं. यंदाची तारीख ऐन कापणीत आली होती. त्यातून गेले काही आठवडे बाय पुन्हा घासागणिक पाणी पिऊ लागली होती. तिची मुलगी रूपाली, तिने हे मला सांगितलं होतं आणि दादांनाही ते माहीत होतं. तरी दादा म्हणाले की मळणीचं मशीन नेमकं त्याच दिवशी मिळालंय, गावात माणूस मिळत नाही, तर तू तारीख पुढे ढकलून घे, तुझी तिथे आता ओळख झालीय. मी म्हटलं, ओळख मी यासाठी केलेली नाही. शनिवारी संध्याकाळी मी घरी येतेय, तोवर तारखेला कुणी हात लावू नका. आणि फोन ठेवून दिला. पुढच्या तासाला सातवीच्या वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

रागाला कारण आहे, आणि ते सांगायचं तर तो पहिला हंगाम सांगावा लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत मी दर वर्षी गावी जाते, कापणीला हात लावायला. त्या वर्षीही गेले. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं, उशिरा येणारं गरवं उभं होतं. घरातलं प्रत्येक माणूस पहाटेपासून शेतावर, आणि जेवणं मात्र आमच्याकडे अजून जुन्या रांगेने होतात. आधी पुरुष, मग पोरं, मग पाड्यावरून कापणीला आलेल्या बाया, आणि सगळ्यांचं झाल्यावर मागच्या पडवीत आम्ही दोघी जावा. घरात एखादा पुरुष अर्धी भाकर कमी जेवला तर तीन बायका विचारतात, काय झालं, बरं नाही का, मीठ जास्त पडलं का. बाई काय जेवते, किती जेवते, जेवते तरी का, हे बघायला त्या वेळी तिथे कुणी नसतंच. बायकांचं जेवण म्हणजे भांडी घासण्याआधी उरकायचं एक काम. म्हणून वनिताबाय कशी जेवते हे जगात एकट्या मला दिसलं.

तिने वालाच्या बिरड्यात भात कालवला, अगदी पातळ, पोरांना भरवायला कालवतात तसा. घास तोंडात घेतला आणि चावत राहिली. मग पाणी प्यायली. मग पाठ ताठ करून बसली, डोळे मिटले, आणि अंगठा गळ्यापासून छातीच्या मधोमध खाली नेला. घास उतरला तशी डोळे उघडून माझ्याशी बोलायला लागली, मधल्या वेळात काही घडलंच नाही अशी. पुढच्या घासाला पुन्हा तेच. भाकरीला तिने हात लावला नाही. तुकडे करून कोंबड्यांना टाकले. मी विचारलं, बाय, हे कधीपासून? तर ती हसली.

"काय न्हाय गं. नव्या तांदलाचं हाय ते. घशाशी बसतंय."

आता हे कुणा परक्याला वेडेपणाचं वाटेल, पण आमच्या भागात यावर कुणीही मान डोलावली असती. नवा तांदूळ चिकट होतो, गिळगिळीत होतो, जड पडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच आजाऱ्याला आणि बाळंतिणीला जुना तांदूळ राखून ठेवतात. भाकरीदेखील तांदळाचीच. वर्षभर जे अन्न पोटात जातं तेच या दिवसांत जरा हट्टी होतं, त्यामुळे घास अडकला तर दोष घशाचा नसतो, तांदळाचा असतो. गहू-ज्वारी खाणाऱ्या मुलखात कदाचित कुणाच्या मनात शंका आली असती. आमच्याकडे उत्तर आधीच तयार होतं, प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. आणि गंमत म्हणजे उत्तर खोटंही नव्हतं. तांदूळ खरोखरच चिकट होता.

मी घरात सांगितलं. लगेच कणगीच्या तळातला गेल्या वर्षीचा तांदूळ काढला, तिच्यापुरता वेगळा भात शिजू लागला. या बाबतीत घरच्यांच्या मायेत काही कमी नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबतं. चार दिवसांनी तोही भात उतरेना म्हणून पेज आली. पेज मात्र छान जायची. दादा मला म्हणाले, बघ, पेजेनं बरं वाटतंय तिला, तू उगाच घाबरवतेस. भाकर गेली, मग भात गेला, आता पेजेवर आलो होतो. आजार एकेक पायरी पुढे सरकत होता आणि आम्ही त्याला पथ्य म्हणत होतो.

तिचं पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, भारा उचलताना ती त्या दातांनी मागे ओढायची. पाड्यावरच्या बाया तिला चिडवायच्या, पाटलीनबाय पोरगी झाली म्हणून. कापणीत बाई बारीक होतेच, यात कुणाला नवल वाटलं नाही. मला विचाराल तर या एका समजुतीवर मी स्वतंत्र भांडण करायला तयार आहे. बाई राबून वाळते हे आपण इतकं गृहीत धरलंय की ती आजाराने वाळली तर ओळखायला आपल्याकडे खूणच उरलेली नाही.

नाक्यावरच्या डॉक्टरकडे ती आधीच जाऊन आली होती. एकटी, बाजाराच्या दिवशी, भाजी घेता घेता. डॉक्टर भला माणूस, मध्यरात्री दार वाजवलं तरी उठतो, असं सगळे सांगतात. असेल. पण त्या भल्या माणसाने तिला एक प्रश्न विचारला नाही. तिने सांगितलं, छातीत जळजळतं आणि घास अडकतो. त्याने जळजळ ऐकली आणि अडकणं सोडून दिलं. अॅसिडिटी आहे म्हणाला, पांढऱ्या घट्ट औषधाची बाटली दिली, सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या दिल्या, एक सुई टोचली. ती पुन्हा गेली, पुन्हा बाटली मिळाली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा म्हणाला, टेन्शन घेऊ नका. काय अडकतं, कधीपासून अडकतं, आधी काय अडकायचं आणि आता काय अडकतं, वजन उतरलंय का, एवढं विचारायला किती वेळ लागतो? घास गिळायला त्रास होतो असं पन्नाशीच्या आसपासचं माणूस सांगत असेल तर दुर्बीण घालून बघितल्याशिवाय त्याला बाटली देऊ नये, हे मला पुढे मोठ्या हॉस्पिटलातल्या पोरसवदा डॉक्टरणीने सांगितलं. अगदी सहज सांगितलं, पाणी उकळून प्यावं इतक्या सहज. मग हे नाक्यावर का पोचत नाही? औषध कंपनीचा माणूस नवी बाटली घेऊन दर आठवड्याला तिथे पोचतो.

मी तिला ओढतच भिवंडीत आणलं. इथल्या पोटाच्या डॉक्टरकडे गर्दी लूम कामगारांची. बाकावर शेजारी बसलेला एक माणूस पोट दाबून बसला होता. त्याने वनिताबायला विचारलं, आपको क्या है, आणि तिचं ऐकून तोच समजावायला लागला.

"कुछ नहीं, अॅसिडिटी है. हम लोग रात की शिफ्ट में खाली पेट चाय पीते हैं ना, सबको है."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तोही गालफडं बसलेला, गळ्याची हाडं वर आलेली. गावात नवा तांदूळ, शहरात रात्रपाळीचा चहा. प्रत्येकाने आपापल्या जगण्यातूनच आपल्या आजाराला नाव शोधून काढलेलं असतं. त्या माणसाला मी म्हटलं, भाईसाब, डॉक्टर को दूरबीन का पूछना. तो हसून म्हणाला, छुट्टी किधर है मॅडम.

या डॉक्टरने मात्र विचारलं. सगळं विचारलं, पोट दाबलं, मान चाचपली, आणि म्हणाला, याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी करा, थांबू नका. मला हायसं वाटलं. घरी येऊन सांगितलं आणि घरात पंचायत बसली. दुर्बीण म्हणजे तोंडातून नळी आत घालतात, ती आत लागली तर? आतला तुकडा काढतात म्हणे, गाठीला एकदा हवा लागली की ती पसरते, अमक्याच्या मामाला असंच झालं, बरा होता, तपासायला गेला आणि महिन्यात आटोपला. अमक्याचा मामा तपासायला गेला तेव्हा त्याच्यात काय उरलं होतं हे कुणी सांगत नाही. शेवटच्या घटकेला माणूस डॉक्टरकडे न्यायचा, तो गेला की खापर तपासणीवर फोडायचं, आणि त्या भीतीने पुढचा माणूसही शेवटच्या घटकेलाच न्यायचा. हे चक्र आमच्या गावात असं मजेत फिरतंय, कुणी ते थांबवत नाही.

सगळं ऐकून दादा म्हणाले ते वाक्य. एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू. गरवं भात उभं होतं. पूर्वी कापणीला घराघरांतून माणसं यायची, आता वडप्याच्या गोदामांनी सगळी तरणी माणसं ओढून नेली आहेत, तिथे सावली असते, महिन्याच्या महिन्याला पगार असतो. त्यामुळे घरची बाई सोडता येत नाही, हे खरंच होतं. दादांना भात दिसत होतं, दाणा झडून चालला होता. पण त्याच आठवड्यात वज्रेश्वरीला एका नातलगाच्या पोराचं जावळ होतं. टेम्पो ठरला, घर लोटलं, वनिताबायसकट सगळे जाऊन आले. देवीबद्दल माझी तक्रार नाही. मी एवढंच म्हणते की जावळाला हंगाम आड आला नाही. तिथे पंगतीत ती सगळ्यांना वाढत होती आणि स्वतः ताकावर होती.

दुर्बीण झाली ती भात घरात आल्यावर, पेंढा रचून झाल्यावर. तोवर तिला पाणीसुद्धा थांबून थांबून प्यावं लागत होतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी फोटो बघितले आणि विचारलं, घास अडकायला लागून किती दिवस झाले? दादांनी माझ्याकडे बघितलं. मी वनिताबायकडे बघितलं. ती म्हणाली, गौरी-गणपतीच्या आधीपासून. म्हणजे भात अजून हिरवं होतं तेव्हापासून. म्हणजे तो नवा तांदूळ जन्मालाही आला नव्हता तेव्हापासून. हे तिने तोवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. थोडं आधी आला असतात तर इतकं मोठं करावं लागलं नसतं, एवढंच म्हणाले आणि पुढचा कागद ओढला. त्यांना रोज हेच बघायचं असतं, ते कुणाकुणावर रागावणार? म्हणून ते काम मी करते.

पुढचे महिने मी लिहीत नाही. किरणांचे शेक, सलाईन, उलट्या, मग छाती आणि पोट दोन्ही उघडून केलेलं ऑपरेशन, पोटात बसवलेल्या नळीतून ढकललेलं अन्न. ज्यांनी हे बघितलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितलेलं नाही त्यांना बघायला लागू नये. पण त्या काळात घरी भेटायला येणारी मंडळी पडवीत बसून काय बोलायची ते सांगते. मिश्री लावायची ना ती, म्हणून झालं. बोलणाऱ्या बाईचे स्वतःचे दात मिश्रीने काळे. तंबाखूने हा आजार होतो हे खरंच आहे, मी शाळेतल्या पोरांना आणि त्यांच्या आयांना ते घसा फोडून सांगते. पण ज्या घरात लग्न होऊन आल्यावर तिला पहिल्यांदा मिश्री दिली गेली, ज्या गावात दुपारची भूक मारायला बाया सर्रास ती बोटावर घेतात, त्याच गावाने तिला तो गुन्हा चिकटवावा, याला काय म्हणायचं? आजार अंगावर काढला तोही तिनेच, आजार ओढवून घेतला तोही तिनेच. बाकी सगळे नामानिराळे.

ती बरी झाली. ही गोष्ट मी ठासून सांगते, कारण आमच्याकडे या आजाराच्या गोष्टी फक्त मेलेल्यांच्याच सांगतात. थोडं थोडं करून दिवसातून सहा वेळा खायची, जेवल्यावर लगेच आडवी व्हायची नाही, डोक्याखाली उशा रचून झोपायची. गालावर मांस आलं. भाजीच्या वाफ्यात बसून खुरपू लागली. आणि ती खुरपताना दिसू लागली त्या दिवसापासून गावाच्या लेखी आजार संपला. मग सारखं सारखं हॉस्पिटल कशाला? चांगल्या माणसाला तपासून काय मिळणार? बरं झालेल्या माणसाला तपासायचं असतं ते तो बरा राहावा म्हणून, हे मी किती परींनी सांगितलं. आमच्या शाळेशेजारच्या कारखान्यात लूमवर एक धागा तुटला तर कारागीर आधी लूम बंद करतो, धागा जोडतो, मगच पुढे चालवतो, नाही तर सगळ्या कापडात रेघ उतरते. कापडासाठी लूम थांबतो. माणसासाठी मळणी थांबत नाही.

पहिल्या तारखांना मी रजा टाकून बरोबर गेले. गेल्या वर्षीची तारीख मात्र पुन्हा कापणीत आली, आणि माझी शाळा चालू होती, म्हणून रूपालीने न्यावं असं ठरलं. रूपाली वडप्याच्या गोदामात पॅकिंगला आहे. भात पिकतं त्याच दिवसांत दिवाळीच्या खरेदीचा माल तिथे डोंगराएवढा येतो, त्यालाही तिथे सीझन म्हणतात. तिने सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, सीझन के बाद ले लो. तेच वाक्य, फक्त हिंदीत. शेतातल्या माणसाला भाताने धरून ठेवलं आणि गोदामातल्या माणसाला खोक्यांनी. मी फोन करून विचारलं तेव्हा दादा म्हणाले, जाऊन आलो, सगळं चांगलं हाय. मी निश्चिंत झाले. ते गेलेच नव्हते हे मला संक्रांतीला कळलं, तेही वनिताबायच्या तोंडून, तीळगूळ देता देता. मी घर डोक्यावर घेतलं. दोन दिवसांत तिला घेऊन गेले, आणि नशिबाने काही निघालं नाही. पण त्याचा अर्थ घरात काय लागला? बघा, उशीर केला तरी काय बिघडलं. नशीब जिथे वाचवतं तिथे माणसं त्याला आपली अक्कल समजतात. त्या दिवशी हॉस्पिटलातून परत येताना मला आनंद झालाच, पण आनंदापेक्षा जास्त भीती वाटली, की आता यांना एक पुरावा मिळाला.

म्हणूनच यंदा फोन आला आणि शनिवारी संध्याकाळी मी गाव गाठलं. तारीख सोमवारची, पण आदल्या दिवशीच निघून तिने माझ्याकडे भिवंडीला मुक्काम करायचा आणि पहाटे पुढे जायचं, असं ठरलेलं होतं. खळ्यात शेणाने सारवलेल्या जागेवर भारे रचलेले, पाड्यावरच्या दोघी बाया उरलेले भारे आणून टाकत होत्या, धूळ अंगाला चावत होती. दादा कट्ट्यावर चहा पीत होते. मी चप्पल काढण्याआधीच सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. गेल्या वर्षीचं खोटं काढलं, नाक्यावरची बाटली काढली, जावळ काढलं. दादा वाईट माणूस नाहीत. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी हॉस्पिटलच्या फरशीवर झोपून दिवस काढलेत. पण त्यांना भात कळतं, आणि जे कळत नाही त्याची त्यांना भीती वाटते, आणि ती भीती ते कामात लपवतात. ते चिडून म्हणाले, एक दिस मागंपुढं झाल्यानं काय होतंय, ती काय उद्याच मरतेय का?

वनिताबाय बाजूला बसून बारदानाची पोती शिवत होती. इतक्या वर्षांत घरच्या वादात ती कधीच बोलली नव्हती, तो वाद तिच्याच जिवाचा असला तरी. तिने दाभण पोत्यात खोचून ठेवला.

"मी तवाच मेले असते, तर यंदा झोडनीला दुसरं मानूस बघितलंच असतं ना तुमी?" ती म्हणाली. "मंग त्यालाच बोलवा सोमवारी. मी चाललेय."

आवाज चढला नव्हता. भारे टाकणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. दादांनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, तो रिकामा होता. मला इतका आनंद झाला की लाज वाटली, कारण हे ऐकायला इतकी वर्षं लागावीत यात आनंद मानण्यासारखं काय होतं? मी जे ओरडून ओरडून सांगत होते त्यात माझा राग होता, तिचा नव्हता. तिचा राग पहिल्यांदाच बाहेर आला होता आणि माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होता. दारात येऊन उभ्या राहिलेल्या रूपालीने तिथल्या तिथे सुपरवायझरला फोन लावून सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. त्याने काय उत्तर दिलं ते तिने ऐकून घेतलं नाही.

सोमवारी तिला आत नेलं. मी आणि रूपाली बाहेर बसलो. रागाचा एक फायदा असतो, तो चालू असतो तोवर माणूस घाबरत नाही. त्या बाकावर बसल्यावर माझा राग पार ओसरला. पुन्हा तेच असेल तर? तर माझं बरोबर होतं हे कुणाला सांगू, आणि बरोबर असून करू काय? डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, जिथे जोड दिलाय तिथे वाट आकसलीय, म्हणून घास अडकत होता. ती रुंद केलीय. व्रणामुळेच असावं, तरी तुकडे तपासायला पाठवलेत, खात्री झाल्याशिवाय बोलणार नाही. असंच सगळे वागले असते तर, असं माझ्या मनात आलं. त्या रात्री वनिताबाय माझ्या घरी मऊ भात जेवली, पाण्याच्या तांब्याला हात न लावता. मी मुद्दाम तिच्यासमोर ताट घेऊन बसले होते, आणि माझ्या नवऱ्याला म्हटलं, तूही बस, बघ ती कशी जेवते ते.

काल अहवाल आणायला गेलो. या वेळी दादाही आले, भात घरात आलं होतं. तुकड्यांमध्ये काही नव्हतं. फक्त व्रण. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं, मधे पुन्हा अडकलं तर त्याच आठवड्यात यायचं. दादांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, डोळे भरून आले, आणि बाहेर येता येता ते म्हणालेच, बघ, काय न्हाय निघालं. मी तोंड उघडणार होते, पण आमचा नंबर आला.

खिडकीतल्या माणसाने पुढच्या उन्हाळ्यातली एक तारीख सांगितली. दादा एकदम पुढे झाले. रूपालीचं लग्न नुकतंच ठरलंय, आणि ती तारीख नेमकी तिच्या हळदीची होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा, सगळा गाव मांडवात असतो. दादांनी त्या माणसाला अजिजीने सांगितलं की दुसरी बघा, घरात कार्य आहे. तो म्हणाला, ही नको असेल तर मग थेट त्याच्या पुढच्या महिन्याच्या शेवटी मिळेल. दादा म्हणाले, चालंल, तीच द्या.

वनिताबायने दादांचा दंड धरून त्यांना हळूच बाजूला केलं आणि खिडकीशी वाकली.

"पयलीच टाका," ती म्हणाली. "हलद रातची लागते. तवर मी येते घरी."